नामदार जगन्नाथ शंकरशेट आणि आपण

पुतळे पुष्कळांचे उभारले जातात. परंतु ज्यांच्या कार्याचा लाभ पुतळ्याकडे न पाहणाराही दररोज घेतो, असे पुरुष थोडे. मुंबईचे नामदार जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना शंकरशेट हे अशा थोड्यांपैकीं एक होत. कर्जत स्टेशनवर सकाळची गाडी गांठणारा नोकरदार, खोपोलीहून परीक्षेसाठीं मुंबईस जाणारा विद्यार्थी, मुंबई विश्वविद्यालयाची पदवी घेणारी मुलगी, मराठींत छापलेलें गणिताचें पुस्तक उघडून बसलेलें मूल, हीं सर्व त्यांचें नांव ठाऊक नसतांही कांहीं अंशीं त्यांच्या ऋणांत असतात. म्हणून त्यांच्या चरित्राची थोडी ओळख करून द्यावी, आणि त्यांतून कर्जत व खालापूर तालुक्यांतील आपण मंडळींनीं काय घेण्यासारखें आहे याचा विचार करावा, असें या लेखांत आम्हीं योजिलें आहे.

आरंभींच एक खुलासा केलेला बरा. आपल्याकडे ‘नाना’ म्हटलें कीं प्रथम आठवतात ते खोपोलीचें तळें व त्याच्या कांठचें महादेवाचें देऊळ बांधणारे, पेशवाईचे कारभारी नाना फडणवीस. ते १८०० सालीं निवर्तले. त्यानंतर तीनच वर्षांनीं, म्हणजे ता. १० फेब्रुवारी १८०३ रोजीं, हे दुसरे नाना जन्मास आले. पहिल्या नानांच्या पाठीशीं राज्याची सत्ता होती. त्यांनीं आज्ञा करावी आणि तळें खणलें जावें. दुसऱ्या नानांजवळ राज्य नव्हतें, फौज नव्हती, आणि पुढें आपण पाहूं त्याप्रमाणें शहराचें मुख्य अधिकारपदही नव्हतें. असें असतां त्यांच्या हातून झालेलीं कामें त्या दगडी तळ्याइतकींच टिकाऊ ठरलीं. हें कशामुळें घडलें, हाच या चरित्रांतील खरा अभ्यासाचा प्रश्न आहे.

नानांचा जन्म ठाणे जिल्ह्यांतील मुरबाड येथें झाला. मुरबाड तालुका आपल्या कर्जत तालुक्यास उत्तरेकडून लागूनच आहे, आणि इंग्रजी अमलाच्या पहिल्या काळांत कर्जतही ठाणे जिल्ह्यांतच मोडत असे. तेव्हां नानांस आपण आपल्याच मुलखाचे मानलें तर त्यांत अतिशयोक्ति होणार नाहीं. त्यांचें घराणें दैवज्ञ, आडनांव मुरकुटे. वडील शंकरशेट बाबुलशेट हे मुंबईंतील मोठे व्यापारी होते. १८२२ सालीं वडील वारले, आणि एकोणीस वर्षांच्या या तरुणाच्या हातीं मोठी दौलत व तितकीच मोठी मोकळीक एकदम आली. अशा वयांत अशी दौलत हातीं आली म्हणजे तिचें काय होतें, हें सांगण्यास ग्रंथ उघडण्याची गरज नाहीं. पडक्या वाड्यांच्या रूपानें त्याची साक्ष गांवोगांवीं उभी असते. नानांनीं पेढी सांभाळली, वाढविली, आणि तिच्या उत्पन्नाचा व त्याहूनही आपल्या वेळेचा मोठा भाग सार्वजनिक कामांस देण्याचा क्रम त्या कोवळ्या वयांतच आरंभिला. तो पुढें त्रेचाळीस वर्षें, म्हणजे मरणापर्यंत, सुटला नाहीं.

पहिलें काम शिक्षणाचें. ज्या वर्षीं नानांचे वडील वारले त्याच वर्षीं मुंबईंत एतद्देशीयांच्या शिक्षणासाठीं एक मंडळी स्थापन झाली. तीच पुढें ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नांवानें प्रसिद्ध झाली. गव्हर्नर मौंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हे तिचे आश्रयदाते होते. शाळा काढणें, शिक्षक तयार करणें, मराठी व गुजराथी भाषांत पाठ्यपुस्तकें करवून तीं छापणें, हें तिचें काम. नाना या मंडळींत लवकरच प्रमुखपणें वागूं लागले. १८२७ सालीं एल्फिन्स्टनसाहेब विलायतेस परतले, तेव्हां त्यांच्या स्मरणार्थ वर्गणी जमवून ती उच्च शिक्षण देणाऱ्या अध्यापकांच्या वेतनास लावावी असें ठरलें. त्यांतूनच पुढें एल्फिन्स्टन कॉलेज उदयास आलें. स्मारक म्हणजे केवळ दगड नव्हे, चालता वर्ग हेंही स्मारकच, ही कल्पना त्या काळच्या मुंबईकरांस सुचली आणि ती तडीस नेणाऱ्यांत नाना होते, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

१८४० सालीं सरकारनें इलाख्याच्या शिक्षणाची व्यवस्था पाहण्यासाठीं ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ स्थापिलें. त्यावर तीन एतद्देशीय सभासद होते : जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मक्बा. एक हिंदु, एक पारशी, एक मुसलमान. या बोर्डापुढें १८४७ च्या सुमारास जो वाद उपस्थित झाला तो मराठी भाषेच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें माहीत करून घ्यावा अशा योग्यतेचा आहे, म्हणून तो आम्ही जरा विस्तारानें सांगतों.

बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, बुद्धिमान व वजनदार गृहस्थ. त्यांचें म्हणणें असें कीं, सरकारजवळ शिक्षणासाठीं पैसा थोडा. तो सर्वत्र शिंपडण्यापेक्षां इंग्रजी भाषेंतून उच्च शिक्षण देण्यांत खर्च करावा. वरच्या थरांतील थोडे लोक नीट शिकले म्हणजे त्यांच्याकडून ज्ञान आपोआप खालीं झिरपेल. याच्या उलट पक्ष कर्नल जर्व्हिस यांचा. हे इंजिनियर गृहस्थ पुष्कळ वर्षें मराठी पुस्तकांच्या कामांत होते. त्यांनीं गणितावरील पुस्तकें मराठींत करवून घेतलीं होतीं. सामान्य लोकांस ज्ञान द्यावयाचें तर तें त्यांच्या स्वभाषेंतूनच दिलें पाहिजे, असें त्यांचें ठाम मत होतें. बोर्डांत दोन तट पडले. तिन्ही एतद्देशीय सभासद जर्व्हिस यांच्या बाजूस उभे राहिले, आणि नानांनीं आपलें मत सविस्तर लिहून बोर्डापुढें ठेविलें.

त्यांच्या मताचा मथितार्थ असा होता. इंग्रजी शिकण्यास त्यांचा विरोध नव्हता. इंग्रजी शिक्षणाच्या संस्थांसाठीं त्यांच्याइतके कष्ट फार थोड्यांनीं घेतले होते. परंतु लाखों लोकांस परकी भाषा शिकवून मग तिच्यांतून ज्ञान द्यावयाचें, ही गोष्ट व्यवहारांत घडणारी नव्हे. ज्ञान देशांत पसरावें असा खरोखर हेतु असेल तर देशी भाषांस पुष्ट केलें पाहिजे, त्यांत पुस्तकें झालीं पाहिजेत, त्यांतून शिकविणारे शिक्षक तयार झाले पाहिजेत. येथें एक गोष्ट विशेष पाहण्यासारखी आहे. ज्यांच्यापुढें हें मत मांडावयाचें ते अध्यक्ष उच्च न्यायासनावरील राज्यकर्त्यांपैकीं होते, आणि नानांसारख्या व्यापाऱ्याचा नित्य संबंध त्याच राज्यकर्त्यांशीं होता. मुकाट्यानें मान डोलावली असती तर कोणीं दोष दिला नसता. त्यांनीं तसें केलें नाहीं. भांडण केलें नाहीं, सभात्यागही केला नाहीं. कारणें देऊन, सभ्य भाषेंत, लेखी विरोध केला. या वादाचा निकाल कोणत्याच एका पक्षाच्या पूर्ण बाजूनें लागला नाहीं. उच्च शिक्षणांत इंग्रजीचें प्राबल्य राहिलें, पण प्राथमिक शिक्षण देशी भाषांतून देण्याचा मार्ग मोकळा राहिला. आज आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेंत कातकरी वाडींतील मूल मराठींत पहिला धडा वाचतें, त्याच्या मागें जे अनेक हात आहेत त्यांपैकीं एक नानांचा आहे.

मुलींच्या शिक्षणाविषयींही त्यांचें वर्तन असेंच होतें. एल्फिन्स्टन संस्थेंतील तरुणांनीं १८४८ सालीं ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली, आणि लौकरच मुलींसाठीं शाळा उघडण्याचें धाडस केलें. मुली शाळेंत पाठविणें म्हणजे घराण्यास बट्टा, असें बहुतेकांस वाटत असे. त्या वेळीं नानांनीं गिरगांवांतील आपल्या वाड्यांत शाळेस जागा दिली. नवीन गोष्ट तरुणांनीं सुचवावी आणि वजनदार वडील माणसानें तिच्या डोक्यावर आपलें छप्पर धरावें, हा योग समाजांत क्वचित् येतो. पण तो आल्यावांचून कोणतीही सुधारणा मूळ धरीत नाहीं.

आतां आपल्या तालुक्यांशीं ज्याचा प्रत्यक्ष संबंध, त्या लोहमार्गाकडे वळूं. १८४५ च्या सुमारास मुंबईहून देशावर आगगाडी न्यावी ही कल्पना निघाली, तेव्हां तिच्या एतद्देशीय पुरस्कर्त्यांत सर जमशेटजी जिजीभाई व नाना हे अग्रभागीं होते. पुढें ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे’ कंपनी झाली. तिचें भांडवल मुख्यत्वें विलायतेंतील भागीदारांचें होतें, आणि त्यावर शेंकडा पांच व्याजाची हमी ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनें, म्हणजे अखेरीस या देशांतील करदात्यानें, दिली होती. कंपनीच्या मुंबई येथील संचालकमंडळांत नाना होते. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें हा एकवीस मैलांचा पहिला प्रवास झाला. १८५४ सालीं गाडी कल्याणास पोंचली, आणि ता. १२ मे १८५६ रोजीं पळसदरीमार्गें ती आपल्या खोपोलीस आली. मुंबईची पहिली गाडी सुटल्यास अवघीं तीन वर्षें झालीं होतीं. तेवढ्यांत सह्याद्रीच्या पायथ्याशीं शिट्टी वाजूं लागली.

पुढें मात्र घाट आडवा होता. १८५८ सालीं खंडाळ्याहून पुण्यापर्यंतचा मार्ग सुरू झाला, पण मधला बोरघाट बाकी होता. त्या पांच वर्षांत प्रवासी खोपोलीस उतरत आणि पालखींतून, तट्टावर किंवा बैलगाडीनें घाट चढून खंडाळ्यास दुसरी गाडी धरीत. घाटांतील मार्ग सुमारें पावणेसोळा मैलांचा, चढ १८३१ फुटांचा, बोगदे पंचवीस. १८५६ च्या आरंभीं सुरू झालेलें हें काम १८६३ सालीं पुरें झालें. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं येथें येतांच वारले, तेव्हां त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनीं ठेका पुढें चालवून काम तडीस नेलें.

या ठिकाणीं एका गोष्टीचा उच्चार केल्यावांचून पुढें जाणें न्यायाचें होणार नाहीं. १८६१ च्या सुमारास या घाटांत एका वेळीं बेचाळीस हजारांपर्यंत कामकरी राबत होते. कडे फोडतांना, दोरांवर लोंबकळत सुरुंग भरतांना, आणि त्याहूनही पटकीसारख्या रोगांनीं, त्यांतले पुष्कळ दगावले. मजुरीच्या तक्रारीवरून १८५९ सालीं दंगाही झाला होता. त्या कामकऱ्यांचीं नांवें कोठें कोरलेलीं नाहींत. लोहमार्गाचें श्रेय नानांस व त्यांच्या सहकाऱ्यांस देतांना हे निनावी हात आपण विसरूं नयेत. एखाद्या शहराचा पुढारी कितीही थोर असो, त्याची योजना प्रत्यक्षांत येते ती दुसऱ्या कोणाच्या तरी घामानें; आणि ज्या घाटाखालीं आपण राहतों त्या घाटानें हें सत्य जितक्या जवळून पाहिलें तितकें मुंबईनें पाहिलें नसेल.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येऊं. नानांस कित्येक लोक ‘मुंबईचे अनभिषिक्त राजे’ म्हणत. परंतु कागदोपत्रीं पाहतां त्यांचा अधिकार किती होता? युरोपांतील शहरांत त्या शतकांत नगराधिपति हें मोठें सत्तेचें पद होतें. प्रशियाच्या १८०८ सालच्या कायद्यानें तेथील शहरांस स्वतःचा कारभार पाहण्याचा हक्क मिळाला, आणि त्या परंपरेंतून जर्मनींत कर्तबगार नगराधिपति निर्माण झाले. फ्रांकफुर्ट येथील फ्रांत्स आडिकेस यांचें उदाहरण प्रसिद्ध आहे. १८९० सालीं ते निवडले गेले व १९१२ पर्यंत पदावर राहिले. त्यांनीं शहराच्या वाढीची आंखणी केली. वेड्यावांकड्या जमिनी एकत्र करून, रस्त्यांपुरती जागा काढून, नीट आकाराचे तुकडे मालकांस परत देण्याचा कायदा १९०२ सालीं त्यांच्या प्रयत्नांनीं झाला; तेंच तत्त्व पुढें मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्यांतही आलें. नागरिकांच्या देणग्यांवर १९१४ सालीं उघडलेल्या फ्रांकफुर्टच्या विश्वविद्यालयाचे मुख्य पुरस्कर्ते तेच. अशा नगराधिपतीजवळ वेतन, मुदत, कचेरी, कर बसविण्याचें सामर्थ्य, सर्व कांहीं असे.

मुंबईंत यांतलें कांहींच नव्हतें. १७२६ च्या सनदेनें येथें ‘मेयर’ व त्याचें न्यायालय आलें होतें खरें, पण १७९८ सालीं तें बंद झालें. नानांच्या हयातींत शहराचें काम ‘जस्टिस ऑफ दि पीस’ या मानाच्या अधिकाऱ्यांच्या मंडळाकडे असे. १८३४ च्या सुमारास त्यांत एतद्देशीयांचा प्रथम प्रवेश झाला, आणि त्या पहिल्या जस्टिसांत नाना होते. रस्ते, झाडलोट, गटारें, दिवाबत्ती यांच्या खर्चाचा विचार हे मंडळ करी. परंतु अखेरचा शब्द सरकारचा. करदात्यांनीं निवडलेले सभासद ज्यांत बसत अशी कॉर्पोरेशन १८७२ सालीं झाली, म्हणजे नाना वारल्यावर सात वर्षांनीं. आणि तिच्या अध्यक्षास ‘मेयर’ ही पदवी १९३१ सालीं मिळाली. बोमन-बेहराम हे त्या पदवीचे पहिले मानकरी. सारांश, ज्यांस आपण मुंबईचे नगरपिते म्हणतों ते एक दिवसही तिचे नगराधिपति नव्हते.

मग त्यांचें सामर्थ्य कशांत होतें? आमच्या मतें तीन गोष्टींत. पहिली, सातत्य. ज्या समितींत नांव घातलें तिच्या सभेस जावयाचें, कागद वाचून जावयाचें, आणि काम पुरें होईपर्यंत ती सोडावयाची नाहीं. दुसरी, स्वतःपासून आरंभ. वर्गणी मागण्यापूर्वीं आपली वर्गणी, जागा मागण्यापूर्वीं आपली जागा. मराठी नाटक मुंबईंत नुकतेंच येत होतें तेव्हां ग्रँट रोडवरील नाटकगृह त्यांच्याच जागेवर उभें होतें, आणि १८५३ सालीं विष्णुदास भावे यांचे प्रयोग तेथें झाले. तिसरी गोष्ट म्हणजे सर्वांस बरोबर घेण्याची हातोटी. पारशी, मुसलमान, गुजराथी, यहुदी, इंग्रज, सर्वांशीं त्यांचें जमे. पण कोणाच्या भिडेनें त्यांनीं आपलें मत बदललें नाहीं.

या तिसऱ्या गुणाची कसोटी सोनापूरच्या प्रकरणीं लागली. गिरगांवाजवळील सोनापूरची श्मशानभूमि तेथून काढून दूर शिवडीकडे न्यावी, असा सरकारचा विचार झाला. शहर वाढत होतें व आरोग्याचें कारण पुढें करण्यांत येत होतें. पण ज्यांच्या घरीं वाहन नाहीं, त्या गरिबांनीं खांद्यावर प्रेत घेऊन इतक्या लांब कसें जावें? नानांनीं लोकांची बाजू घेऊन सरकारशीं नेटानें लिहापढी केली, आणि श्मशानभूमि जागच्या जागीं राहिली. श्रीमंतांस हा प्रश्न फारसा जाचला नसता. तो गरिबांचा होता, म्हणूनच तो कोणीतरी वजनदार माणसानें मांडणें अवश्य होतें.

ता. २६ ऑगस्ट १८५२ रोजीं मुंबईंत ‘बॉम्बे असोसिएशन’ ही राजकीय संस्था स्थापन झाली. तिच्या स्थापनेंत नाना अग्रणी होते. त्यांचे स्नेही डॉ. भाऊ दाजी हे तिचे एक चिटणीस. कंपनीच्या राज्यकारभारांतील दोष दाखवून एतद्देशीयांस त्यांत वांटा मिळावा, असा अर्ज या संस्थेनें विलायतच्या पार्लमेंटकडे पाठविला. राष्ट्रीय सभेच्या जन्माआधीं तेहतीस वर्षें हें घडलें. पुढें १८५७ च्या धामधुमींत नानांवरही संशय घेतला गेला. परंतु त्यांत कांहीं निष्पन्न झालें नाहीं, आणि १८६२ सालीं मुंबईच्या नव्या कायदेकौन्सिलांत जे पहिले एतद्देशीय सभासद नेमले गेले त्यांत त्यांचें नांव होतें. ‘नामदार’ ही पदवी त्यांस त्यामुळें लागली. पदवी आली तेव्हां त्यांचें वय एकुणसाठ होतें. काम मात्र चाळीस वर्षांचें पाठीशीं होतें. पद मिळाल्यावर काम करूं असें म्हणत ते बसले असते, तर पद मिळण्याचें कारणच उरलें नसतें.

१८५७ सालीं मुंबई विश्वविद्यालय स्थापन करणारा कायदा झाला, त्यांत पहिल्या सभासदांचीं जीं नांवें आहेत त्यांतही नाना आहेत. मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृतांत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास जगन्नाथ शंकरशेट यांच्या नांवाची शिष्यवृत्ति मिळत असे, आणि ती मिळविणें हा त्या काळीं मोठा मान समजला जाई. १९१२ सालीं ती मिळविणारा मुलगा आपल्याच जिल्ह्याचा होता. महाडजवळील नाते या गांवीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख ते हेच. पुढें १९४३ सालीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि स्वातंत्र्यानंतर देशाचे अर्थमंत्री. नानांस जाऊन त्या वेळीं सत्तेचाळीस वर्षें झालीं होतीं. मुरबाडच्या मुलाचा हात असा नात्याच्या मुलास पोंचला. पुढच्या पिढीची तरतूद म्हणतात ती हीच.

ता. ३१ जुलै १८६५ रोजीं नाना निवर्तले. बोरघाटांतून गाडी सुरू होऊन दोनच वर्षें झालीं होतीं. मुंबईच्या टाऊन हॉलांत त्यांचा संगमरवरी पुतळा आहे, ग्रँट रोडजवळचा चौक ‘नाना चौक’ म्हणून ओळखला जातो, आणि १९९१ सालीं भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें.

नानांसारखीं माणसें केवळ मुंबईसच लाभतात, असें कोणीं समजूं नये. नेरळहून माथेरानास जाणारी चिमुकली गाडी आपण सर्वांनीं पाहिलेली आहे. तो मार्ग सरकारनें बांधला नाहीं. अब्दुल हुसेन आदमजी पीरभाई या खाजगी गृहस्थांनीं वडिलांच्या, म्हणजे सर आदमजी पीरभाई यांच्या, द्रव्यबळावर १९०४ मध्यें काम सुरू करून १९०७ सालीं तो पुरा केला. तेही कोणत्या नगराचे अधिपति नव्हते. पण त्या एका मार्गानें माथेरानचें भाग्य उजळलें, आणि डोंगरावर व पायथ्याशीं कित्येक कुटुंबांची चूल त्यावर पेटत आली आहे.

आज परिस्थिति बदलली आहे. कर्जत, खोपोली व माथेरान येथें नगरपरिषदा आहेत, खालापुरास नगरपंचायत आहे, गांवोगांवीं ग्रामपंचायती व ग्रामसभा आहेत. ज्या हक्कांसाठीं नानांच्या पिढीनें अर्ज लिहिले ते हक्क आपणांस अठराव्या वर्षीं मतपत्रिकेबरोबर घरपोंच मिळतात. म्हणूनच एक धोका उत्पन्न झाला आहे. गांवांतील गटार तुंबलें, नळास पाणी आलें नाहीं, वाचनालयाचें कुलूप गंजलें, तर ‘तें नगराध्यक्षांचें काम’ असें म्हणून आपण मोकळे होतों. अधिकाऱ्यांस जाब विचारणें हें नागरिकाचें कर्तव्यच आहे; पण तेवढ्यानें तें संपत नाहीं. नानांस ही सबब आपणांपेक्षां किती तरी अधिक शोभली असती, कारण त्यांच्या काळीं सत्ता खरोखरच दुसऱ्यांच्या हातीं होती. त्यांनीं ती सबब एकदांही सांगितली नाहीं.

कोणी म्हणेल, नाना श्रीमंत होते, त्यांस हें शक्य झालें. द्रव्याचें साहाय्य होतें हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्या काळीं मुंबईंत श्रीमंत काय थोडे होते? त्यांतील बहुतेकांचीं नांवें आज कोणास आठवत नाहींत. शिवाय ज्या तीन गुणांचा वर उल्लेख केला, त्यांपैकीं सातत्यास पैसा लागत नाहीं, आणि सर्वांस बरोबर घेण्यासही लागत नाहीं. आपल्यापासून आरंभ करण्यासाठीं जें लागतें तें प्रत्येकाजवळ आपल्या ऐपतीप्रमाणें असतेंच : कोणाजवळ संध्याकाळचा एक तास, कोणाजवळ चांगलें अक्षर, कोणाजवळ वाडींतील लहान मुलांस पाढे शिकविण्याइतकी विद्या. ग्रामसभेची सूचना वाचणें, सभेस वडिलांबरोबर जाऊन बसणें, तेथें काय ठरलें तें वहींत टिपून सहा महिन्यांनीं तें झालें कीं नाहीं हें पाहणें, एवढें तर शाळेंतील मुलासही करतां येईल. या गोष्टी लहान आहेत. पण नानांचें मोठेपणही अशाच लहान गोष्टी चाळीस वर्षें न कंटाळतां केल्यानें सिद्ध झालें.

पुढील खेपेस आपण कर्जतहून गाडींत बसूं आणि ठाणें मागें टाकून मुंबईकडे जाऊं, तेव्हां या पुरुषाचें स्मरण करावें. आणि सायंकाळीं परत येऊन आपल्या गांवच्या स्टेशनावर उतरतांना, येथें आपल्या हातून होण्यासारखें कोणतें काम पडून राहिलें आहे, याचाही विचार करावा, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.